कारखाना, टँकर आणि फवारणीचा डबा: रासायनिक अपघाताचे नियम मोबाइलवरून कसे वापरायचे?

मी मूळचा नेरचा, यवतमाळ जिल्ह्यातला. रासायनिक अपघात म्हटलं की भोपाळ आठवतं, नाहीतर डोंबिवली एमआयडीसीतले स्फोट. कापूस-सोयाबीनच्या आमच्या तालुक्यात हा विषय कुणाच्या डोक्यातच येत नाही.

पण २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. तिथे ना कारखाना होता, ना गॅसची टाकी. रसायन होतं पाठीवरच्या पंपात.

आमच्या घरीही फवारणीनंतर एकाला चक्कर आणि उलट्या सुरू झाल्या होत्या. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "कोणतं औषध मारलं?" आम्हाला फक्त डब्याचा रंग सांगता आला. डबा वावरात, धुऱ्यावर पडलेला. माणूस वाचला, पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. म्हणून हा लेख.

थोडक्यात

- मोठ्या साठ्यांसाठी १९८९ आणि १९९६ चे नियम आहेत.
- रस्त्यावरच्या टँकरसाठी केंद्रीय मोटार वाहन नियम आहेत.
- शेतातल्या कीटकनाशकासाठी कीटकनाशक अधिनियम १९६८ आणि नियम १९७१ आहेत.
- पहिल्या दोन ठिकाणी अपघाताची तयारी कंपनी, वाहतूकदार आणि प्रशासनाने करायची असते. शेतात मात्र फवारणाऱ्याच्या हातात पोहोचणारा एकमेव "आराखडा" म्हणजे डब्यावरचं लेबल आणि आतलं पत्रक.

१. कारखान्याचे नियम काय सांगतात?

२-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेट वायू गळला. तो कारखानाही कीटकनाशकाचाच होता. त्यानंतर पर्यावरण संरक्षण अधिनियम १९८६ आला आणि त्याखाली १९८९ मध्ये घातक रसायनांचं उत्पादन, साठवण आणि आयात यांचे नियम झाले.

हे नियम प्रमाणावर चालतात. प्रत्येक रसायनाला मर्यादा ठरवून दिली आहे. क्लोरीनचं उदाहरण घ्या. साठा १० टनांवर गेला की जागेची माहिती सरकारला कळवणं आणि आपत्कालीन आराखडा करणं आलं. २५ टनांवर सविस्तर सुरक्षा अहवालही लागतो. पाणीपुरवठा केंद्रात दिसणारं क्लोरीनचं मोठं सिलिंडर साधारण ९०० किलोचं असतं. म्हणजे अशी एक-दोन सिलिंडरं असली तरी ही मर्यादा लागत नाही.

मर्यादेत येणाऱ्या कारखान्याला हे करावं लागतं:

- आवाराच्या आतला आपत्कालीन आराखडा आणि दर सहा महिन्यांनी त्याची रंगीत तालीम.
- आवाराबाहेरच्या आराखड्यासाठी जिल्हा प्रशासनाला माहिती. या आराखड्याची तालीम वर्षातून किमान एकदा.
- आसपासच्या लोकांना धोका काय आहे आणि अपघात झाल्यास काय करायचं, काय नाही, हे आधीच सांगणं.
- मोठा अपघात झाला तर ४८ तासांत कळवणं.

१९९६ च्या नियमांनी केंद्र, राज्य, जिल्हा आणि स्थानिक पातळीवर आपत्ती गट आणले. जिल्हा गटाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात.

मोबाइलवर काय कराल? तुम्ही एमआयडीसीजवळ राहत असाल, तर राज्याच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर १० रुपये भरून जिल्हाधिकारी कार्यालयाला दोन गोष्टी विचारा: आमच्या भागाचा बाहेरचा आपत्कालीन आराखडा आणि शेवटच्या तालमीची तारीख.

२. रस्त्यावरचा टँकर कसा ओळखायचा?

नेर यवतमाळ-अमरावती रस्त्यावर आहे. गॅसचे, पेट्रोलचे टँकर आपण रोज बघतो. अशा वाहनावर रसायनाचं नाव, चार अंकी यूएन नंबर आणि आपत्कालीन फोन नंबर असलेली पाटी लागते. काही नंबर लक्षात ठेवण्यासारखे आहेत:

- १२०३: पेट्रोल
- १०७५: एलपीजी
- १००५: अमोनिया
- १०१७: क्लोरीन

टँकर उलटला तर व्हिडिओ काढायला जवळ जाऊ नका. वारा ज्या दिशेने वाहतोय, त्या बाजूला उभे राहू नका. लांबून फोटो झूम करून नंबर वाचा आणि ११२ वर फोन करून तोच नंबर सांगा. कोणत्या तयारीने यायचं, हे येणाऱ्या पथकाला त्यावरून ठरवता येतं.

३. वावरात काय नियम आहे?

आता मुख्य मुद्दा. एक लिटरचा डबा कोणत्याच टनांच्या मर्यादेत येत नाही. त्याला कीटकनाशक नियम १९७१ लागू होतात. त्यानुसार डब्यावर तिरका चौकोन असतो. वरच्या अर्ध्यात इशारा, खालच्या अर्ध्यात रंग:

- लाल: अत्यंत विषारी. वर कवटीचं चिन्ह आणि "पॉयझन".
- पिवळा: जास्त विषारी. वर "पॉयझन".
- निळा: मध्यम विषारी. वर "डेंजर".
- हिरवा: कमी विषारी. वर "कॉशन".

हिरवा म्हणजे बिनविषारी नव्हे, हे पक्कं लक्षात ठेवा. डब्यासोबतच्या पत्रकात विषबाधेची लक्षणं, प्रथमोपचार आणि उतारा लिहिलेला असावा लागतो. फवारणाऱ्याला पुरेसं संरक्षण मिळायला हवं, हेही नियमात आहे.

मग २०१७ मध्ये काय झालं? त्या वर्षी पऱ्हाटी कित्येक ठिकाणी डोक्याच्या वर गेली होती. फवारा खाली न जाता तोंडावर येत होता. दोन-तीन औषधं मिसळून मारली जात होती. हातमोजे, मास्क बहुतेकांकडे नव्हतेच. आणि रोजीने फवारायला जाणाऱ्या मजुराला तर अनेकदा तयार द्रावण मिळतं. डबा त्याने पाहिलेलाच नसतो! नियमाने लिहिलेली माहिती त्याच्यापर्यंत जातच नाही. तुमच्या फोनचा खरा उपयोग इथे आहे.

४. फवारणीआधी पाच मिनिटं

१. डबा उघडण्याआधी चार फोटो काढा: पुढचं लेबल, रंगाचा चौकोन, घटकाचं तांत्रिक नाव, बॅच नंबर आणि मुदत. नंतर औषध लागलेल्या हाताने फोन धरू नका.
२. पत्रकाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा. अक्षर बारीक असेल तर झूम करा. इंग्रजी असेल तर गुगल लेन्सने भाषांतर करा, पण मात्रेचे आकडे मूळ पत्रकावरूनच घ्या.
३. हे फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. मजूर लावला असेल तर त्याला आणि त्याच्या घरच्यांनाही पाठवा.
४. तांत्रिक नावापुढे "एसडीएस" टाकून शोधा. सुरक्षा माहितीपत्रकात १६ भाग असतात. चौथा प्रथमोपचाराचा, आठवा संरक्षक साधनांचा.
५. कृषी केंद्राचं पक्कं बिल घ्या, त्याचाही फोटो ठेवा.

५. विषबाधा झालीच तर

घाम, लाळ, उलट्या, डोळ्यांपुढे धूसर, स्नायू फडफडणं, दम लागणं, यातलं काही दिसलं की फवारणी थांबवा.

- माणसाला मोकळ्या हवेत न्या. कपडे काढा, अंग साबण-पाण्याने धुवा. मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत.
- शुद्ध हरपली असेल तर कुशीवर झोपवा. तोंडातून काही देऊ नका. मनाने उलटी करवू नका.
- १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा टोल फ्री नंबर १८०० ११६ ११७ आहे. तो आत्ताच सेव्ह करा.
- डॉक्टरांना लेबलचा फोटो दाखवा. ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या औषधावर अ‍ॅट्रोपिन देतात, पण प्रत्येक कीटकनाशकाला उतारा नसतो. म्हणूनच नाव महत्त्वाचं.

नेहमीचे प्रश्न

लेबल किंवा पत्रक नसलेला डबा मिळाला तर? वापरू नका. बिल आणि फोटोसह तालुका कृषी अधिकारी कार्यालयात लेखी तक्रार द्या. कायद्याने नेमलेला कीटकनाशक निरीक्षक नमुना घेऊ शकतो.

वावरात नेटवर्क नसेल तर? फोटो फोनच्या गॅलरीतच ठेवा, फक्त क्लाउडवर नको. नंबर कॉन्टॅक्टमध्ये सेव्ह असू द्या.

घरी स्मार्टफोन एकाकडेच असेल तर? तांत्रिक नाव कागदावर लिहून फवारणाऱ्याच्या खिशात ठेवा. काम तेच होतं.

आज संध्याकाळी घरात किंवा गोठ्यात ठेवलेला डबा शोधा आणि पहिला फोटो काढा. तुमच्याकडे जो रोजीने फवारायला येतो, त्याला तो आधी पाठवा.