पत्र पोचले, अक्षरे हरवली

मराठी माणूस माळव्यात गेला तो आपली लिपी बरोबर घेऊनच गेला. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरास स्थिरावली आणि मोडी कागदांचे रुमाल तेथील दप्तरांत साठू लागले. पुढे संस्थान विलीन झाले, १९५६ साली इंदूर नव्या मध्यप्रदेशात आले, बाजारात आणि कचेरीत हिंदी रूढ झाली. तरी घरातले पत्र मराठीतच लिहिले जाई. विसाव्या शतकाच्या अखेरीस हे पत्र संगणकावर चढले, आणि पूर्वी कोणाच्या स्वप्नातही न आलेली एक अडचण उभी राहिली. पत्र क्षणार्धात अमेरिकेहून इंदुरास पोचे, पण ते वाचता येत नसे. पडद्यावर प्रश्नचिन्हांच्या ओळी, नाही तर रिकाम्या चौकटी. पुष्कळदा तर पत्र उघडताच ब्राउझरच कोसळे. संगणक बिघडला असे समजून दुरुस्तीवाल्यास बोलावणे धाडले जाई; आणि खरा बिघाड त्या यंत्राच्या जन्मापूर्वीचा असे.

त्याचे मूळ १९८२ साली ठरलेल्या ई-मेलच्या दळणवळणाच्या नियमांत सापडते. त्या काळच्या योजकांपुढे इंग्रजी मजकूर होता. त्याला १२८ चिन्हे पुरत, आणि तेवढ्यांसाठी सात बिटांची जागा पुरे होई. भारताने आपल्या लिप्यांसाठी जो इस्की संकेत ठरविला, त्यात देवनागरीला त्यापुढची, आठव्या बिटाची जागा मिळाली. वाटेतला एखादा जुना संगणक तो आठवा बिट बिनदिक्कत छाटून टाकी. इस्कीमध्ये ‘क’चा क्रमांक १७९. त्यातून १२८ गेले की उरले ५१. आणि ५१ हा क्रमांक इंग्रजी तीनच्या आकड्याचा. म्हणजे ‘काका’ लिहिणाऱ्याचे दोन्ही ‘क’ दुसऱ्या टोकाला तीनचे आकडे होऊन उतरत! यात ना पाठवणाऱ्याची चूक, ना घेणाऱ्याची.

यावर उतारा निघाला तो १९९२ साली. नॅथॅनिएल बोरेन्स्टीन आणि नेड फ्रीड या दोघा अमेरिकनांनी ‘माइम’ नावाची पद्धत सिद्ध केली. त्या वर्षीच्या ११ मार्चला बोरेन्स्टीन यांनी आपल्या गायक मंडळींचे छायाचित्र आणि गाण्याचा तुकडा पत्रास जोडून धाडला. आज ज्याला आपण अटॅचमेंट म्हणतो, त्याची ही ओटी भरणी. युक्ती साधीच होती: जोडावयाची वस्तू कोणतीही असो, तिचे तीन-तीन बाइट घेऊन त्यांची चार-चार निरुपद्रवी इंग्रजी अक्षरे करावयाची आणि पलीकडे ती पुन्हा उलगडावयाची. मात्र तीनाचे चार होताना वजन तिसऱ्या हिश्श्याने वाढे. एक मेगाबाइटचे छायाचित्र २८.८ किलोबिटच्या मोडेमवरून उतरावयास सहा-सात मिनिटे लागत, तीही टेलिफोनची तार मध्येच तुटली नाही तर. तुटली की सारे पहिल्यापासून. आणि त्या जड पत्रामागे रांगेत उभी असलेली साधी पत्रेही तिष्ठत राहात. घरच्या माणसांना वाटे, मुलाने बरेच दिवसांत लिहिलेच नाही. वास्तविक त्याची चार पत्रे एका बारशाच्या छायाचित्रामागे अडकून पडलेली असत.

भारतात सार्वजनिक इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या द्वारे, प्रथम मोठ्या महानगरांत. तोवर देवनागरीने संगणकात आपले घर थाटले होते खरे, पण ते भाड्याचे. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे प्रभृतींनी सुरू केलेले काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले आणि जिस्ट कार्डाच्या रूपाने संगणकात बसू लागले. पुढे फाँटांची लाट आली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, आकृती, हिंदी टंकलेखकांच्या हातचा कृतिदेव, या प्रत्येकाने इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर देवनागरीचे तुकडे आपल्या मर्जीप्रमाणे बसविले. एका फाँटात जेथे वेलांटी, तेथे दुसऱ्यात अर्धा ‘त’. पत्राबरोबर फाँट गेला नाही तर उरे तो निव्वळ गोंधळ. इंदूरच्या मराठी लेखकाची कुचंबणा तर दुहेरी. गावातल्या संगणकावर असे तो हिंदीचा फाँट, आणि त्यात ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला आडवा रफार पुष्कळदा शोधूनही सापडत नसे.

आणि याच इंदुरात या दुखण्यावर मोठा प्रयत्न व्हावा, हा योगायोग नव्हे. १९४७ साली तेथे निघालेल्या ‘नई दुनिया’ या हिंदी दैनिकाने लिपीची आणि मुद्रणाची चाड बाळगली होती; राहुल बारपुते यांच्यासारखा मराठी घरातला संपादक त्याने वर्षानुवर्षे मिरविला. त्याच परिवारातील विनय छजलानी यांनी १९९९ मध्ये ‘वेबदुनिया’ हे हिंदी पोर्टल काढले. भारतीय भाषांतून पत्र लिहिता यावे म्हणून त्याने ‘ई-पत्र’ ही सेवाही चालविली. रोमन कळा उच्चाराप्रमाणे दाबाव्या आणि पडद्यावर नागरी उमटावी, ही सोय आज कोणास विशेष वाटणार नाही. त्या दिवसांत ती मोठीच होती.

त्या काळच्या अशा देवनागरी पानांची मदार ‘डायनॅमिक फाँट’वर असे. पान उघडताच फाँट मागोमाग आपोआप उतरावा अशी ही व्यवस्था. पण मायक्रोसॉफ्टच्या एक्सप्लोररला एका घडणीचा फाँट लागे, नेटस्केपला दुसऱ्या; आणि २००० साली नेटस्केपची सहावी आवृत्ती आली तिने ही सोयच सोडून दिली. जुन्या ब्राउझरात दिसणारे पान नव्यात दिसेना. नवे घ्यावे तर अक्षर जाते, जुने ठेवावे तर यंत्र कोसळते!

कोसळण्याचे कारणही सांगावयास हवे. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये खिडक्या, चित्रे, फाँट यांच्या काही नोंदींसाठी ६४ किलोबाइटची जुनी कोठी राखलेली होती. मेमरी कितीही वाढविली तरी ही कोठी वाढत नसे. चित्रांनी आणि फाँटांनी लदलेली पाच-सहा पाने उघडली की ती भरे. आणि घेतलेली जागा परत न करणारे प्रोग्रॅमही कमी नव्हते. म्हणून ‘बंद करून पुन्हा चालू करा’ हा दुरुस्तीवाल्याचा सल्ला लोकांनी थट्टेवारी नेला तरी तो शास्त्रशुद्ध होता. त्याखेरीज साठलेली तात्पुरती पाने पुसणे, फाँट हाताने फाँटांच्या फोल्डरात टाकणे, मेनूतून संकेत बदलून पाहणे, एवढ्यावर बहुतेक रोगी बरे होत.

४ मे २००० रोजी प्रेमपत्राचे सोंग घेतलेला विषाणू जगभर पसरला. नावाच्या शेवटी टीएक्सटी दिसे. त्यापुढचा खरा प्रत्यय विंडोज आपण होऊन झाकून ठेवी. त्यानंतर जोडपत्रांवर पहारे बसले आणि निरपराध जोडपत्रेही अडकू लागली. अनुभवी माणसांनी तेव्हा पीडीएफचा आश्रय केला. फाँट पोटात घेऊन जाणारी ती चीज डोळ्यांना बिनचूक दिसे. पण त्यातला परिच्छेद उचलून दुसरीकडे ठेवावा तो पुन्हा तोच गोंधळ. आत अक्षर नव्हते, अक्षराचे चित्र होते.

युनिकोडने हा प्रश्न मुळातून सोडविला. देवनागरी त्यात १९९१ पासून होती, विंडोज २००० ने ती नीट जुळवून दाखविली, आणि ‘ॲ’ला स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. पुढे लिहिले जाणारे पत्र सुरक्षित झाले. मागचे मात्र तसेच राहिले. त्या दहा-पंधरा वर्षांत मराठी घरांनी, मंडळांनी, लेखकांनी जे टंकित केले, त्यातले कितीतरी आजही त्या जुन्या फाँटांत बंद आहे. होळकरांच्या दप्तरातला मोडी कागद वाचणारे जाणकार अजून मिळतात, कारण मोडीचे वळण ठाऊक आहे. फाँटातल्या फाइलीचे तसे नाही; तो फाँट कोणता, हे आधी कळावे लागते, आणि फाइलीच्या आठ अक्षरी नावात ते कोणी लिहून ठेवलेले नसते. रूपांतर करणारे प्रोग्रॅम आहेत. त्यांतून निघालेला मजकूर ओळीगणिक तपासावा लागतो, कारण रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास जागा चुकतात. म्हणूनच एखादा विंडोज ९८ चा संगणक, मूळ फाँटासह आणि इंटरनेटची तार काढून, जपून ठेवणारी माणसे आहेत. त्यावर फाइल उघडावयाची, कागदावर छापून घ्यावयाची, आणि तो कागद समोर ठेवून मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा जुळवावयाचा.