बैलजोडी, तीन ठिपके आणि खान्देशातली मतपेटी

काय भो, "वर उजवीकडे तीन ठिपके आहेत ना, ते दाब" हे वाक्य घरातल्या मोठ्यांना फोनवर कितीदा सांगितलंय? ॲपची माहितीपुस्तिका लिहिणारेही इथेच अडतात. वाक्यात बटणाचं नाव लिहायचं, की त्याचं बारीक चित्रच ओळीत बसवायचं? वाद नवा वाटतो. पण आपल्याकडे तो मतदान केंद्रात होऊन गेलाय.

साल १९५१-५२, पहिली सार्वत्रिक निवडणूक. जळगाव तेव्हा पूर्व खान्देश, धुळे पश्चिम खान्देश, दोन्ही मुंबई राज्यात. देशात वाचता येणारे शंभरात जेमतेम अठरा. मग सुकुमार सेन यांच्या निवडणूक आयोगाने काय केलं? प्रत्येक उमेदवाराला वेगळी पेटी दिली आणि पेटीवर त्याचं चिन्ह. मतपत्रिकेवर ना नाव, ना चित्र. चिन्ह बघायचं, कागद त्या पेटीत टाकायचा, झालं. बैलजोडी ओळखायला खान्देशात कुणाला शाळा लागणार होती? आणि अक्षर न येणं म्हणजे अडाणी असणं नव्हे, हे तर आपल्याला बहिणाबाईंमुळे माहीतच आहे. त्या लिहायला शिकल्या नव्हत्या. ३ डिसेंबर १९५१ला त्या गेल्या, तेव्हा देशात हीच निवडणूक चालू होती.

पण नुसत्या चित्राची पद्धत जड पडली. जितके उमेदवार तितक्या पेट्या, प्रत्येक केंद्रावर! शिवाय कागद भलत्याच पेटीत जायची भीती. म्हणून १९६२च्या सार्वत्रिक निवडणुकीत एकच मतपत्रिका आली. एका ओळीत उमेदवाराचं नाव, शेजारी चिन्ह, आणि शिक्का मारायचा. त्याच निवडणुकीत जळगावातून २७ वर्षांच्या प्रतिभा पाटील पहिल्यांदा आमदार झाल्या.

आता गंमत बघा. १९६९ला काँग्रेस फुटली, आणि १९७१ला मतपत्रिकेवर बैलजोडीच नाही! इंदिरा गांधींच्या पक्षाला गाय-वासरू मिळालं, १९७८मध्ये पुन्हा फूट, मग हाताचा पंजा. नुसतं चित्र पाठ केलेल्या मतदाराने काय करायचं? अपडेटनंतर आयकॉन बदलला की पुस्तिका वाचणाऱ्याचं हेच होतं.

मला विचाराल तर दोन्ही द्या, पण नाव आधी. चित्र फोनवर बोलून दाखवता येत नाही, शोधपट्टीत टाइप करता येत नाही. ओळीत घुसवलेलं चित्र छोट्या स्क्रीनवर मुंगीएवढं दिसतं. उलट, नुसतं "मेनू" लिहिलं तर ज्या बटणावर तो शब्दच नाही, ते माणूस शोधणार कुठे? आणि ज्यांना दिसत नाही, त्यांचा फोन मजकूर वाचून दाखवतो. चित्रामागे शब्द लिहिला नसेल तर तिथे गप्प बसतो.

मतदान यंत्रावर मात्र नाव आहे, चिन्ह आहे, २०१५पासून उमेदवाराचा फोटो आहे, आणि बटणाशेजारी ब्रेलमध्ये आकडाही आहे.