मराठी कादंबरीतला ‘मी’

मराठीत ‘मी आले’ किंवा ‘मी आलो’ म्हणताक्षणी बोलणारी बाई आहे की पुरुष, हे कळते. ‘मी पाहिले’, ‘मी केले’ या रूपांत ते झाकलेले राहते. पण ‘मी बसले’, ‘मी जाते’, ‘मी रडले’ टाळून कोणाला आपली हकीकत दोन पानेही सांगता येणार नाही. त्यामुळे कथा कोणाच्या तोंडून सांगायची, हा मराठी कादंबरीकाराचा निर्णय थेट क्रियापदापर्यंत उतरतो.

सुरुवातीच्या कादंबऱ्यांना हा प्रश्न फारसा पडला नाही. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) विधवांच्या हालांविषयी आहे, पण ते हाल तृतीयपुरुषी निवेदक सांगतो. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि रा. भि. गुंजीकरांचे ‘मोचनगड’ (१८७१) यांतही सांगणारा सर्वज्ञ आहे. त्याला वाड्यातले खलबत ऐकू येते आणि रानातली वाटही दिसते. पुराण आणि कीर्तन ऐकत वाढलेल्या वाचकाला हा सगळे जाणणारा आवाज ओळखीचाच होता.

हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ सुरू केले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो!’ क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. ही यमूची आत्मकथा आहे: माहेर, लग्न, सासर, वैधव्य, केशवपन. लेखक पंचविशी ओलांडलेला पुरुष, आणि दर आठवड्याला छापले जाणारे ‘मी’ एका बाईचे. रमाबाई रानड्यांच्या आठवणी पुस्तकरूपाने यायला अजून वीस वर्षे होती. बाईने स्वतःचे आयुष्य स्वतः सांगावे, ही गोष्टच तेव्हा विरळा होती. हेच कथानक सर्वज्ञ निवेदकाने सांगितले असते, तर ते सुधारकाच्या युक्तिवादासारखे वाचले गेले असते. यमूच्या तोंडून ते साक्ष बनते.

या निवडीची किंमतही आहे. यमूला दाराआडचे बोलणे जेवढे कानी पडेल तेवढेच ठाऊक असणार. पुरुषांच्या बैठकीत काय ठरले ते तिला नंतर कळणार. पण त्या काळच्या घरातली सुनेची जागा हीच होती. तिच्याविषयीचे निर्णय तिच्या माघारी होत. निवेदनाची मर्यादा आणि तिच्या जगण्याची मर्यादा इथे एक होतात, आणि कादंबरीचे बळ त्यातच आहे. शिवाय ‘मी’ एकच असले तरी नजरा दोन आहेत: परकराच्या वयातली यमू घटना अनुभवते आणि सोसून शहाणी झालेली यमू त्या लिहिते. लगेच पाठोपाठ आलेल्या ‘मी’ या कादंबरीत हरिभाऊंनी भावानंदाला बोलते केले. ‘उषःकाल’सारख्या ऐतिहासिक कादंबऱ्यांसाठी मात्र ते सर्वज्ञ निवेदनाकडेच वळले; किल्ला, दरबार आणि फौज एका माणसाच्या डोळ्यांत मावत नाहीत.

वामन मल्हार जोश्यांनी ‘इंदू काळे व सरला भोळे’ (१९३४) पत्रांतून रचली. विचारांच्या झगड्यात ज्याला त्याला स्वतःची बाजू मांडू देण्याचा तो नेमका उपाय होता. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मध्ये (१९३९) युरोपातून परतणाऱ्या बोटीवरचा चक्रधर बोलतो, त्याला बोटीवर भेटलेल्या हेर्टाचे मन तिच्या पत्रांतून उघडते, तेही उशिरा. मर्ढेकरांनी ‘रात्रीचा दिवस’मध्ये (१९४२) संज्ञाप्रवाहाचा प्रयोग केला आणि सांगणाऱ्याला जवळजवळ पुसूनच टाकले.

पौराणिक कथेत प्रश्न वेगळा होता: गोष्ट सगळ्यांना आधीच माहीत. खांडेकरांनी ‘ययाति’त (१९५९) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा अशा तिघांना निवेदन वाटून दिले, म्हणून एकच प्रसंग तीन मनांत तीन प्रकारे सलतो. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण असे सहा जण बोलतात. यात एक व्यावहारिक निकडही आहे. कर्णाला स्वतःचा मृत्यू सांगता येत नाही. अखेरचा भाग श्रीकृष्णाच्या तोंडी येतो.

साठच्या दशकात ‘मी’चा अर्थ पुन्हा बदलला. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’त (१९६३) पांडुरंग सांगवीकर बोलतो, आणि बोलण्याची ढब हीच कादंबरीची रचना होते. धाकट्या बहिणीच्या मृत्यूनंतर त्याची वाक्येच सैरभैर होतात. दुःखाचे वर्णन करायला तिथे दुसरा कोणी लागत नाही. भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’मध्ये (१९६५) पोक्या सांगतो तेव्हा मुंबईच्या नाक्यावरची बोली अवतरणचिन्हांतून बाहेर पडून निवेदनात येते. तोवर पात्रे बोलीत बोलत असली, तरी निवेदक सहसा प्रमाण मराठी लिहीत असे. नाक्यावरच्या पोरालाच ‘मी’ दिल्यावर त्याची भाषा सुधारून घेणारा कोणी मध्ये उरला नाही.