फराळामागची आखणी

दिवाळीचा फराळ नरकचतुर्दशीच्या पहाटे ताटात येतो. त्याची तयारी मात्र कितीतरी आधी सुरू झालेली असते. ‘फलाहार’ या शब्दापासून आलेल्या या नावाखाली आज जे पदार्थ येतात, त्यांचा समान गुण टिकाऊपणा हा आहे. सणाच्या दिवसांत पाहुणे कधीही येणार आणि गृहिणीला चुलीपाशी अडकून राहता येणार नाही, या जाणिवेतून ही व्यवस्था आकाराला आली.

या व्यवस्थेला स्वतःचे शास्त्र आहे. अनारशांसाठी तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, मग सावलीत सुकवून कुटायचे आणि गुळात मळलेले पीठ काही दिवस मुरू द्यायचे. म्हणून अनारशांचा आरंभ सर्वांत आधी. चकलीच्या भाजणीतील धान्ये व डाळी वेगवेगळ्या भाजून दळून आणायच्या. चिवड्याच्या पोह्यांना ऊन दाखवायचे. करंजीत ओल्या नारळाऐवजी सुके खोबरे घातले, तर ती अधिक दिवस राहते. पाण्याचा अंश जितका कमी, तितका पदार्थ टिकाऊ, हे सूत्र पिढ्यान्‌पिढ्या अनुभवातून सिद्ध झाले होते.

मराठी माणसाच्या पाकविद्येची लिखित परंपरा महाराष्ट्राबाहेरही रुजली. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला. तंजावरच्या मराठी राजघराण्याशी त्यांचा संबंध होता. त्याच तंजावरात दुसऱ्या सरफोजीराजांच्या नावाशी जोडलेले ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ लिहिले गेले. पुढे १९७० साली कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याची मापे देऊन परगावी संसार थाटणाऱ्या असंख्य नववधूंना आधार दिला. मात्र पाकपुस्तकाचा भर कृतीवर असतो. कोणत्या दिवशी काय करावे, किती घरांत किती फराळ जाईल आणि कोणता जिन्नस केव्हा भरावा, हा हिशेब गृहिणीच्या मनातच राहिला.

टंचाईच्या काळात या हिशेबाची कसोटी लागली. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, मुंबईत शिधावाटप सुरू झाले. स्वातंत्र्यानंतरही साखर दीर्घकाळ शिधापत्रिकेवर मिळत असे. चहातली साखर थोडी थोडी राखून लाडवांची सोय करणे, हे तेव्हा गृहिणीचे अर्थशास्त्रच होते. श्रमांची वाटणीही अशीच ठरे. आज एकीच्या घरी करंज्या, तर उद्या दुसरीच्या. शेजारणी पोळपाट-लाटणे घेऊन जमत.

आता तयार फराळ सर्वत्र मिळतो. त्यातून नोकरी करणाऱ्या स्त्रीचा भार हलका झाला आणि घरगुती उद्योग चालवणाऱ्या अनेकींच्या हाती पैसा आला. याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. मात्र जुन्या पद्धतीत सारी आखणी एकाच स्त्रीच्या डोक्यावर होती आणि सणाच्या दिवशी सर्वांत थकलेलीही तीच असे, हे विसरता येत नाही. तिचे ज्ञान जपायचे, तर तिचा भारही वाटून घ्यावा लागेल. यादी करणे, भाजणी निवडणे, डबे भरणे ही कामे घरातील मुलगे आणि मुली सारख्याच हौसेने शिकले, तर परप्रांतातील मराठी घरात फराळाबरोबर त्यामागची आखणीही पुढच्या पिढीच्या हाती जाईल.