धाराशिवच्या पोराला विद्यापीठाच्या वेबसाइटवर हवं ते पटकन का सापडत नाही?

निकाल लागला म्हणून मेसेज येतो. फोनवर विद्यापीठाची वेबसाइट उघडली की आधी कुलपती आणि कुलगुरूंचे फोटो, मग दीक्षान्त समारंभाचा फिरता फोटो, मग सरकणारी लाल अक्षरातली पट्टी. त्या पट्टीत आपल्या कामाची ओळ येते आणि बोट टेकवेपर्यंत पुढे निघून जाते. हा अनुभव एखाद्याच विद्यापीठाचा नाही. मात्र धाराशिव जिल्ह्यात तो जरा जास्त महागात पडतो.

कारण भूगोल. जिल्ह्यातली कॉलेजं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला, म्हणजे बोलीभाषेत 'बामू'ला जोडलेली आहेत. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे या विद्यापीठाचे. मुख्यालय संभाजीनगरला, धाराशिवपासून अडीचशे किलोमीटरच्या आसपास. सोलापूरचं विद्यापीठ सत्तरेक किलोमीटरवर आहे, पण ते सोलापूर जिल्ह्यासाठी. धाराशिवला बामूचं उपकेंद्र २००४ पासून आहे, तिथं पदव्युत्तर विभाग चालतात. तरीही मार्कमेमोतली नावाची चूक किंवा अडकलेला निकाल म्हटलं की अनेकांना आधी संभाजीनगरची एसटीच आठवते. उमरगा किंवा परंड्याच्या विद्यार्थ्यासाठी तो भाड्याचा, जेवणाचा आणि बुडालेल्या रोजगाराचा हिशोब असतो. जे काम वेबसाइटवर पूर्ण होतं, तेवढा हा खर्च वाचतो. वेबसाइट चांगली की वाईट हे ठरवायला आम्हाला यापेक्षा सरळ माप दिसत नाही.

वेबसाइट नक्की कुणासाठी बनते?

२०१० मध्ये 'एक्सकेसीडी' या अमेरिकन वेबकॉमिकमध्ये एक साधी आकृती आली होती. एका वर्तुळात विद्यापीठाच्या मुखपृष्ठावर असलेल्या गोष्टी, दुसऱ्यात लोक तिथं जे शोधायला येतात त्या गोष्टी. दोन्हींत समान निघालं फक्त संस्थेचं पूर्ण नाव! म्हणजे दुखणं जगभरचं आहे. आपल्याकडे त्यात आणखी भर पडते.

नॅकच्या मूल्यांकनासाठी अहवाल आणि पुरावे वेबसाइटवर ठेवून त्यांच्या लिंक द्याव्या लागतात. एनआयआरएफ क्रमवारीची माहितीही तिथंच लावावी लागते. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार बरीच माहिती आपणहून जाहीर करायची असते. यातलं काहीच चुकीचं नाही. पण तपासणीला येणारी समिती काही वर्षांतून एकदा वेबसाइट बघते आणि विद्यार्थी रोज बघतो, तरी मेनू बहुतेकदा समितीच्या सोयीचा असतो. 'परीक्षा' हा शब्द शोधायला 'प्रशासन' उघडावं लागतं, ते यामुळे.

एकाच विद्यापीठाचे इतके पत्ते कसे?

मुख्य वेबसाइट एक, परीक्षा अर्जाचं पोर्टल दुसरं, प्रवेशाचं तिसरं. शिष्यवृत्ती तर राज्य सरकारच्या महाडीबीटीवर. ही पोर्टलं वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या पुरवठादारांनी बनवलेली असतात. राज्यातल्या अनेक विद्यापीठांनी एमकेसीएलची 'डिजिटल युनिव्हर्सिटी' ही प्रणाली वापरली. पीआरएन नंबर पाठ असलेली एक पिढीच त्यातून तयार झाली. पण प्रत्येक पोर्टलचा रंग वेगळा, पासवर्ड वेगळा. त्यात निकालाच्या नावानं फिरणाऱ्या खासगी साइटची भर. खरी कोणती हे ओळखायची खूण म्हणजे पत्त्याच्या शेवटी 'एसी डॉट इन' आहे का ते बघणं. हा पत्ता 'अर्नेट इंडिया' ही सरकारी संस्था फक्त शैक्षणिक संस्थांनाच देते. काही अधिकृत परीक्षा पोर्टलांचा शेवट मात्र वेगळा असतो, म्हणून मुख्य वेबसाइटवरूनच तिकडे जावं.

पत्ता आणि नाव जुळलंच पाहिजे असंही नाही. पुणे विद्यापीठाला २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले यांचं नाव मिळालं, तरी वेबसाइटच्या पत्त्यात 'युनिपुणे' राहिलं.

सर्चमध्ये टाकूनही सापडत नाही, असं का?

इथं दोन वेगळ्या अडचणी आहेत. पहिली परिपत्रकांची. पत्र टाइप करायचं, प्रिंट काढायची, सही-शिक्का मारायचा, स्कॅन करायचं आणि पीडीएफ चढवायची, ही कार्यालयांची जुनी सवय. अशी पीडीएफ म्हणजे कागदाचा फोटो. त्यातला शब्द शोधता येत नाही, फोनवर अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते. काही जुन्या फाइल कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असतात. त्यात आपल्याला 'परीक्षा' दिसतं, पण संगणकाकडे साठवलेली असतात भलतीच अक्षरं. म्हणून युनिकोडमध्ये 'परीक्षा' टाकून शोधलं तर हाती काही लागत नाही.

अंध विद्यार्थ्याची तर यात पूर्ण कोंडी होते. स्क्रीन रीडर हे सॉफ्टवेअर मजकूर वाचून दाखवतं, पण फोटोत मजकूरच नसतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, सरकारी वेबसाइटसाठीची 'जीआयजीडब्ल्यू' मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. वर कोपऱ्यात अक्षर लहान-मोठं करायची बटणं बसवली आणि खाली सगळी परिपत्रकं स्कॅन करून टाकली, तर त्या बटणांचा काय उपयोग?

दुसरी अडचण खास आपल्या भागातली. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर. जुनी कागदपत्रं अर्थातच जुन्या नावानं आहेत. त्यामुळे कॉलेजची यादी, परीक्षा केंद्र किंवा उपकेंद्राची माहिती शोधताना 'धाराशिव' आणि 'उस्मानाबाद' दोन्ही टाकून बघावं.

मग तुलना करायची कशी?

रंग आणि फोटोंवरून करू नये. विद्यापीठांचं कामच वेगवेगळं असतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) दूरशिक्षणाचं आहे. नोकरी किंवा शेती सांभाळून शिकणाऱ्याला अभ्यासकेंद्राबरोबर वेबसाइट हाच त्याचा कॅम्पस. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचं केंद्र १९८६ पासून आहे. तिथं देशभरातून मुलं येतात, म्हणजे इंग्रजीला पर्याय नाही. बामूवर मात्र शेकडो संलग्न कॉलेजांचा भार आहे आणि तिथं येणारा बहुतांश विद्यार्थी मराठीतून विचार करतो.

म्हणून कुठल्याही वेबसाइटवर तीच चार कामं फोनवर करून बघावीत. चालू वर्षाचं वेळापत्रक, पुनर्मूल्यांकनाची शेवटची तारीख, मायग्रेशन सर्टिफिकेटची फी आणि परीक्षा विभागाचा उचलला जाणारा फोन नंबर. तारीख नसलेली सूचना दिसली की तिथंच गुण कापावेत, कारण गेल्या वर्षीचं परिपत्रक पुढं पाठवून व्हॉट्सअॅप ग्रुपवर गोंधळ उडतो तो याच प्रकारानं.

निकालाच्या दिवशी साइट बंद पडण्याला मात्र डिझाइनपेक्षा गर्दी कारणीभूत असते. दहावी-बारावीचा निकाल राज्य मंडळ एकाच वेळी अनेक वेबसाइटवर आणि डिजिलॉकरवर देतं, त्यामुळे भार वाटला जातो. विद्यापीठांनाही हे जमण्यासारखं आहे. अर्थात मागची यंत्रणाच अडखळली तर पुढचं पान कितीही देखणं असून भागत नाही. मुंबई विद्यापीठात २०१७ मध्ये ऑनलाइन उत्तरपत्रिका तपासणी घाईनं आणली, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून जावं लागलं.

काम अडलंच तर?

यूजीसीच्या २०२३ च्या तक्रार निवारण नियमांनुसार प्रत्येक संस्थेकडे विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन तक्रार पोर्टल असणं बंधनकारक आहे. तक्रार समितीनं १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर लोकपालांकडे अपील करता येतं. मेनूमध्ये 'विद्यार्थी तक्रार' किंवा 'लोकपाल' असा दुवा शोधा, तक्रार भरल्यावर मिळणाऱ्या नंबरचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि मगच एसटीचं तिकीट काढायचं का ते ठरवा.