हेडरचं तिकीट

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात एक वाईट सवय असते. कुणीतरी बग दाखवतो, आपण तिकीट काढतो आणि ते तसंच पडून राहतं. जेफ ॲस्टलबद्दल वाचताना मला तेच आठवलं.

१९६८च्या एफए कप फायनलमध्ये वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचा विजयी गोल याचा. हेडरसाठी प्रसिद्ध. जानेवारी २००२मध्ये, स्मृतिभ्रंश झालेला असताना, ५९व्या वर्षी तो गेला. त्याच वर्षी चौकशीत कॉरोनरने मृत्यूचं कारण नोंदवलं: व्यवसायजन्य आजार. खाणकामगाराची फुप्फुसं जातात, तसा याचा मेंदू गेला होता, चेंडू डोक्याने मारून मारून.

म्हणजे बग २००२मध्येच सापडला होता.

२०१४मध्ये ग्लासगोच्या डॉ. विली स्टुअर्ट यांनी ॲस्टलचा मेंदू पुन्हा तपासला. त्यात सीटीई निघाला, वारंवार डोक्याला बसणाऱ्या धक्क्यांशी जोडलेला, बॉक्सरांमुळे ओळखला गेलेला आजार. २०१९मध्ये त्यांच्या गटाने स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी पाहिल्या. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मरण्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे ३.५ पट होतं. २०२१मध्ये खेळण्याच्या जागेनुसार आकडे आले. सर्वांत जास्त धोका बचावपटूंना, तर क्वचितच हेडर मारणाऱ्या गोलकीपरांचा धोका जवळपास सामान्य माणसाइतका.

इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांचा हेडरचा सराव बंद करण्याची सूचना आली २०२०मध्ये. अठरा वर्षं तिकीट उघडंच.

रविवारी टर्फवर कॉर्नर आला की मी अजूनही उडी मारतो. सोसायटीतल्या पोरांना मात्र हेडर शिकवणं थांबवलंय.