हायड्रॉलिक

वाशीतील आमच्या इमारतीच्या आवारात शेजारी गाडीचे ब्रेक-पेडल दाबून धरीत आणि मी चाकामागचे निपल किंचित सैल करी, तेव्हा पारदर्शक नळीतून ब्रेक ऑइलबरोबर बुडबुडे बाहेर पडत; या क्रियेला कारागीर ‘हवा काढणे’ म्हणतात ते यथार्थच, कारण द्रव सहसा दबत नाही, हवा दबते, आणि पेडल पोकळ लागते ते तिच्यामुळेच. ‘हवा’ अरबीतून फारसीमार्गे आपल्या दप्तरी दाखल झाली. या ब्रेकयंत्रणेला लावला जाणारा ‘हायड्रॉलिक’ शब्द मात्र ग्रीक ‘हुडोर’, म्हणजे पाणी, आणि ‘औलोस’, म्हणजे नळी, यांपासून सिद्ध झाला असून, ‘हुडोर’ व आपले ‘उदक’ एकाच कुळातले सगोत्र होत. आश्चर्य असे की, नावात उदक वागविणाऱ्या या यंत्रणेला पाण्याचा अंशही वर्ज्य: ग्लायकॉलयुक्त ब्रेक ऑइल आर्द्रता शोषते, त्याचा उत्कलनबिंदू उतरतो, म्हणून खाडीकाठच्या दमट हवेत मी डब्याचे झाकण तत्काळ घट्ट लावतो.